रस्त्याकडेचा गहू

मध्यभारत होतं तोवर माझ्या वडिलांना शेतात उभा असलेला गहू कधी दिसत नसे. माळव्यात राहणाऱ्या माणसाबद्दल हे सांगितलं तर कोणाला पटायचं नाही, पण कारण अगदी साधं होतं. संस्थानं विलीन झाली, त्यांचं मिळून मध्यभारत नावाचं राज्य झालं, तेव्हा राजधानी ग्वाल्हेरला की इंदूरला यावरून बरीच ओढाताण झाली. शेवटी तोड निघाली ती अशी, की हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास सगळं सेक्रेटरिएट, फाइली, टाइपरायटर, बाबूलोक आणि त्यांच्या वळकट्यांसकट रेल्वेनं ग्वाल्हेरला जायचं आणि चैत्रात परत यायचं. बाबा त्या बाबूलोकांपैकी एक. गहू पेरायच्या दिवसांत ते जायचे, आणि येईपर्यंत खळ्यावरचा भुसासुद्धा उचललेला असायचा.

दुसऱ्या कोणाला याचं काही वाटलं नसतं. बाबांना वाटायचं, कारण या नोकरीआधीचं त्यांचं सगळं तरुणपण गव्हात गेलं होतं. ते एका लहानशा मराठी संस्थानात खासगीकडचे कारभारी होते. संस्थानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. आता ते नकाशावर नाही, आणि होतं तेव्हाही शोधायला चष्मा लागायचा. तिथल्या राजांना बाबा 'सरकार' म्हणत, म्हणून आम्हीही सरकारच म्हणत असू. आणि सरकारांना एकाच गोष्टीचं वेड होतं, शेतीचं.

बाकीच्या संस्थानिकांची वेडं लोकांना कळायची. कोणाला वाघ, कोणाला मोटारी, कोणाला विलायती कुत्री. ज्याचं मन दरबारापेक्षा शेणखताच्या ढिगाऱ्यात जास्त रमतं, असा राजा मात्र आप्तेष्टांना कळत नसे. बाबा सांगायचे, दसऱ्याच्या दरबारात मानकरी नजराणे घेऊन उभे असायचे आणि सरकारांची नजर खिडकीतून बाहेर. जमिनीला वाफसा आलेला असला की दरबार भराभर उरकायचा. एकदा इंग्रज पोलिटिकल एजंट न कळवता भेटीला आला, तर सरकार पाटाच्या चिखलात गुडघाभर उभे. त्यांनी तसाच हात पुढे केला. साहेबानं पांढरा हातमोजा काढला, हात मिळवला, आणि मग त्या हाताचं काय करावं हे न कळून तो लांब धरून उभा राहिला. हा किस्सा बाबा इतक्या वेळा सांगत, की दर खेपेला चिखल थोडा थोडा वाढत जाई.

"आमचे मूळपुरुष पुण्याकडचे," सरकार स्वतः म्हणायचे. "नांगर सोडून घोड्यावर बसले आणि इकडे आले. घोड्यावरून उतरायला आम्हाला दोनशे वर्षं लागली."

त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे एक गहू. कुठून कुठून कणसं आणून, निवडून, पुन्हा पेरून, पुन्हा निवडून त्यांनी तो वाणच तयार केला होता. दाणा लांब, अंबर रंगाचा. वाड्याच्या आसपासच्या गावांना त्यांनी ते बी वाटलं. हिवाळ्यात पाहुणे आले की सरकार त्यांना मोटारीत घालून त्या रस्त्यानं न्यायचे. दोन्ही बाजूंना छातीएवढा गहू. सरकार गाडी थांबवायचे, उतरायचे, एक ओंबी तळहातावर चोळून दाणे पाहुण्यांना दाखवायचे. बाबा मागच्या सीटवर बसलेले असायचे, आणि गहू जणू त्यांनीच जन्माला घातला असावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा, असं आई म्हणे.

विलीनीकरणानंतर राणीसाहेब मुलाकडे मुंबईला राहायला गेल्या. भांडण वगैरे काही नव्हतं. त्यांना धूळ सोसत नसे, आणि सरकारांना धुळीवाचून करमत नसे. सरकारांनी बेटम्याजवळ धारच्या रस्त्याला लागून जमिनीचा एक तुकडा ठेवला होता. त्यात दोन खोल्यांचं कौलारू घर, एक विहीर आणि चिंचेचं झाड. तिथं ते राहायला आले. आम्ही बडा गणपतीजवळ भाड्याच्या घरात राहत होतो. घरात आम्ही तिघंच, आई, बाबा आणि कॉलेजात जाणारी मी. बाबा इंदुरात असले की दर रविवारी सकाळी धारची बस पकडून आम्ही दोघं बेटम्याला जायचो. आई येत नसे. "तुम्ही दोघं जा. मला आठवड्यातून एक दिवस तरी गव्हाबद्दल न ऐकता जेवू दे," म्हणायची.

मला ते रविवार आठवतात तेव्हा आधी वास येतो, ओल्या काळ्या मातीचा आणि बैलांच्या अंगाचा. सरकार धोतर गुडघ्यांपर्यंत खोचून, अंगात बंडी घालून शेतात असायचे. बाबांच्या डोक्यावर अजून दरबारी पगडी असावी अशा चालीनं ते बांधावरून जायचे, मुजऱ्याला वाकायचे, आणि सरकार म्हणायचे, "कारभारी, वाकलाच आहात तर तेवढं तण उपटा." मग दोघंही हसायचे. हा विनोद दर रविवारी व्हायचा आणि दर रविवारी ते हसायचे.

पूर्वी सरकारांच्या हातावर फक्त अंगठीचा पांढरा वळ होता म्हणे. आता तळहात चामड्यासारखा झाला होता. एकदा त्यांनी मला नांगर धरायला दिला. मी रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, सगळा भार टाकला.

"दाबू नकोस बाळ, नुसता धर. दाबलंस की बैलाला वाटतं तू घाबरली आहेस."

माझं तास, म्हणजे नांगराची रेघ, सापासारखं वळवळत गेलं. बाबा लाजले. सरकारांनी मागं जाऊन ते नीट पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगलं आहे. पाऊस आला तर पाणी थांबेल यात." मी त्या दिवशी बसमध्ये सबंध वाटभर हाताचे फोड बघत होते. कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र होतं. पण मातीला इतकं वजन असतं हे तिथं कोणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी, पाऊसकाळ संपत आला असताना, सरकारांनी बातमी सांगितली. देपालपूरला दसऱ्यानंतर शेतकऱ्यांचा मेळा भरणार होता. त्यात नांगरटीची स्पर्धा. प्रत्येकानं ठरावीक पट्टा नांगरायचा; तास सरळ किती, खोल किती, आणि वेळ किती लागला, असं पाहून नंबर काढायचे.

"मी नाव दिलंय," सरकार म्हणाले.

बाबांच्या हातात चहाचा कप होता, तो तसाच राहिला. "सरकार, ते बरं दिसणार नाही."

"कोणाला?"

"लोकांना."

"अहो, लोकांनाच तर दाखवायचंय. इतकी वर्षं शेतीचा नाद म्हणून सगळे कौतुक करत आले. नाद म्हणजे काय, लहान मुलाला असतो तसा. मला एकदा बघायचंय कारभारी, मी शेतकरी आहे की नाही. ते मला कोण सांगणार? शेतकरीच सांगणार ना?"

घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "हरले तर?" आई पोळ्या करत होती. ती म्हणाली, "हरले तर हरले. राज्य गेलं तेव्हा बसले होते का रडत?" पण त्या आठवड्यात बाबा रोज रात्री जेवताना एकदा तरी तो विषय काढायचे.

मेळ्याच्या दिवशी देपालपुरात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या जुन्या संस्थानातली गावं तिथून जवळ, त्यामुळे आलेल्यांत अर्ध्याहून अधिक सरकारांची जुनी रयत. सरकार आपली पांढरी माळवी जोडी घेऊन पट्ट्यावर उभे राहिले, तसं एकदम शांत झालं. मग कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "राजा जनक!" आणि लोक टाळ्या पिटायला लागले. सरकारांनी हात जोडले. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की हे त्यांना नको होतं.

शिट्टी झाली. मी आणि बाबा बांधावर उभे होतो. सरकारांचं पहिलं तास सुरेख गेलं, दोरी लावल्यासारखं. दुसऱ्या तासाला वळताना मी बाजूच्या पट्ट्याकडे पाहिलं. तिथं एक धिप्पाड तरुण शेतकरी होता आणि त्याचे बैल सरकारांच्या बैलांपेक्षा तगडे होते. तो वाकून जुवाची दोरी सोडत होता. सोडली, परत बांधली, परत सोडली. त्याच्या पलीकडचा फाळाला चिकटलेली माती काढत बसला होता, आणि तिथं माती नव्हतीच. तिसरा बैलांना पाणी पाजायला निघाला होता. मला आधी कळेना. मग कळलं, तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. बाबांना माझ्याआधीच कळलं होतं. ते समोर बघत राहिले आणि म्हणाले, "बोलू नकोस."

सरकार पहिले आले. परीक्षकांनी त्यांच्या डोक्याला केशरी साफा बांधला. लोकांनी जयजयकार केला. घामानं भिजलेले सरकार क्षणभर लहान मुलासारखे हसले, आणि मला वाटलं, बरं झालं, त्यांच्या लक्षात आलं नाही. तेवढ्यात ते वळून बाकीच्या पट्ट्यांमधून चालायला लागले. एकेका तासात बोटं घालून खोली बघत गेले. त्या धिप्पाड शेतकऱ्याच्या पट्ट्यात ते थांबले. त्याचं अर्धंच नांगरून झालं होतं, पण जेवढं झालं होतं ते सरकारांच्या तासाहून खोल आणि सरळ होतं. अडाण्याला न कळावं असं त्यात काही नव्हतं, आणि सरकार अडाणी नव्हते.

सरकारांच्या जुन्या मुलखातला एक म्हातारा पटेल तिथं होता. बाबा त्याला चांगलं ओळखत. सरकारांनी त्याला बाजूला घेतलं. मी आणि बाबा मागंच होतो.

"पटेल, खरं सांगा. हे लोक थांबले का?"

पटेलांनी हात जोडले. "हुकम, आपके आगे हमारे बैल कैसे निकलें?"

"आता मी कोणाचा हुकम नाही. राज्य गेलं."

"राज गया हुकम, आंख की शरम थोड़ी गई."

मग हळूच, जणू त्यांना उत्तर ऐकायचं नव्हतं पण विचारल्यावाचून राहवत नव्हतं, असं सरकारांनी विचारलं, "आणि माझा गहू? तो तरी चांगला होता ना?"

पटेलांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. म्हातारा म्हणाला, "आप पूछते हो तो बोलता हूं. झूठ बोलने की अब उमर नहीं रही. आपका गेहूं दिखने में राजा था. पण कड़ाके की ठंड में पाला पड़ा कि बैठ जाता था, और उसकी बाटी कड़क होती थी. तो हम लोग सड़क किनारे की पट्टी में आपका बोते थे, जहां से मोटर निकलती थी. अंदर अपना पुराना."

"सगळे?"

"सगला गांव, हुकम."

माझी खात्री होती की सरकार रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी साफा काढला, नीट घडी केली आणि पटेलांच्या हातात दिला. "त्या मुलाला द्या. अर्ध्याच पट्ट्यात जिंकला तो." मग ते आपल्या बैलांकडे गेले आणि त्यांच्या मानेवरचा घाम पंच्यानं पुसत बराच वेळ उभे राहिले.

परतीच्या वाटेवर बाबांनी धीर करून म्हटलं, "सरकार, लोकांनी प्रेमानं केलं."

"माहीत आहे," सरकार म्हणाले. "म्हणून तर काही बोलता येत नाही." आणि थोड्या वेळानं, "कारभारी, तुम्हाला ठाऊक होतं? गव्हाचं?"

बाबा म्हणाले, "एकदा आत शिरून पाहिलं होतं."

"मग सांगितलं नाहीत?"

"तुम्ही गाडी थांबवून ओंबी चोळायचा तेव्हा तुमच्या तोंडावर जे असायचं," बाबा म्हणाले, "ते मोडायला हात धजला नाही."

सरकारांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्याच दिवसांत बाबांचं ऑफिस ग्वाल्हेरला गेलं. स्टेशनवर त्यांनी मला सांगितलं, "मधून मधून सरकारांकडे जाऊन येत जा. आईलाही ने." म्हणून संक्रांतीला आई तिळगूळ घेऊन पहिल्यांदा माझ्याबरोबर बेटम्याला आली. गहू गुडघ्याच्या वर आला होता. त्या वर्षी सरकारांनी आपला वाण पेरला नव्हता. पटेलांकडून मागून आणलेला माळव्याचा जुना काठा गहू पेरला होता. मला तो हिरवा रंग अजून डोळ्यांपुढे आणता येतो. सकाळचं दंव पात्यांवर होतं, आणि वाऱ्याची झुळूक आली की सबंध शेत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखं व्हायचं. मला सारखं वाटत होतं, हे बाबांनी बघायला हवं होतं. त्या क्षणी ते ग्वाल्हेरच्या थंडीत कुठल्यातरी जुन्या वाड्यात टेबलाशी बसून फाइलींवर लाल फीत बांधत असतील.

सरकार वाळले होते. तिळगूळ घेतला, गोड बोलले, पण गोष्टी शेताच्या न करता हवापाण्याच्या करत राहिले. आई सहसा सरकारांसमोर फार बोलत नसे. त्या दिवशी तिनं पदर सारखा केला आणि एकदम म्हणाली, "एक विचारू का? राग नाही ना येणार?"

"विचारा ना, वहिनीसाहेब."

"तुम्हाला ओळखतात तिथंच कशाला गेलात? ओळखत नाहीत तिथं जावं की."

सरकार तिच्याकडे बघत राहिले. मग ते हसायला लागले. देपालपूरनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "कारभारी मी चुकीचा नेमला होता," ते म्हणाले. आईनं तोंडाला पदर लावला. बसमध्ये मात्र ती घर येईपर्यंत खूश होती.

त्या चैत्रात बाबा परत आले आणि पहिल्याच रविवारी आम्ही बेटम्याला गेलो. आजूबाजूची सगळी शेतं उघडी पडली होती, भेगाळलेली. सरकारांचंही कापून झालं होतं. पण विहिरीमागं एक पट्टा उभा होता. केव्हाच पिकून गेलेला, पांढरट सोनेरी. पाखरांनी निम्मा खाल्ला होता, दाणे खाली गळत होते. कोणताही शेतकरी असा गहू ठेवत नाही.

"हे काय सरकार?" बाबा म्हणाले. "राहिलं कसं हे?"

"राहिलं नाही. ठेवलंय," सरकार म्हणाले. "हिरवा ठेवणं माझ्या हातात नव्हतं. पिकलेला तरी बघा."

बाबांनी चपला काढल्या. पट्ट्याच्या मधोमध जाऊन ते उभे राहिले, गहू त्यांच्या कमरेच्या वर. दोन्ही हात पसरून ते कुसळांवरून फिरवत राहिले. पाठ आमच्याकडे होती. सरकार मला म्हणाले, "चल, आपण विहिरीवरून पाणी आणू." पाण्याची गरज नव्हती. आम्ही उगाच विहिरीवर जाऊन बराच वेळ उभे राहिलो.

त्या वर्षी पाऊस संपल्यावर सरकार निमाडात गेले. घाट उतरून खाली, जिथं त्यांचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं, तिथल्या एका जत्रेत नांगरटीची स्पर्धा असते असं त्यांना कळलं होतं. बैल गड्याबरोबर आठवडाभर आधीच पायी निघाले. सरकार, बाबा आणि मी बसनं मागून गेलो. आईनं बरोबर धपाटे आणि लसणाची चटणी दिली, आणि बाबांना बजावलं, "तिथं त्यांना सरकार म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा. भाऊ म्हणा."

बाबांनी घाट उतरेपर्यंत तोंडातल्या तोंडात 'भाऊ' घोकलं. तिथं नावं लिहून घेणारा माणूस झाडाखाली बसला होता. सरकारांनी नुसतं आपलं नाव आणि वडिलांचं नाव सांगितलं, मागचंपुढचं सगळं गाळून. "गांव?" "बेटमा." "खेती करते हो?" सरकार अर्धा क्षण थांबले. "हां," ते म्हणाले. त्यानं वर न बघता लिहून घेतलं. बस, एवढंच.

निमाडचे बैल तांबडे, पांढऱ्या ठिपक्यांचे. त्यांच्यात सरकारांची पांढरी माळवी जोडी उठून दिसत होती आणि पोरं तिला हसत होती. "मालवे के हैं, भिया, दाल-बाफले खाके आए हैं!" कोणीतरी ओरडलं. सरकार त्यावर मनापासून हसले.

शिट्टी झाली आणि कोणीही थांबलं नाही. बैल फुरफुरत होते, माणसं आपापल्या जोड्यांना ओरडत होती, माती उडत होती. निमाडची ती जमीन सरकारांच्या सवयीची नव्हती. मध्येच दगड लागायचा आणि फाळ उडायचा. तिसऱ्या तासाला बाजूचा एक काटकुळा म्हातारा वळताना त्यांच्या पट्ट्यात घुसला आणि वर सरकारांनाच खेकसला, "ओ काका, बाजू हटो नी! सोई रिया हो कई?" झोपलात की काय, असं! बाबांचा हात आपोआप पुढं झाला. सरकारांनी बैल बाजूला घेतले आणि त्याला तसंच ओरडून उत्तर दिलं, "अपनी लकीर संभालो पहले!" त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात दरबार नव्हता, मोटार नव्हती. घाईत असलेल्या माणसाचा होता.

ते चौथे आले. बक्षीस तिघांनाच होतं. परीक्षक त्यांच्या पट्ट्यात येऊन म्हणाला, "काम साफ है, पर गहराई कम है. बैल भारी रखो," आणि पुढं गेला. सरकार ते वाक्य ऐकत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. बाबा सगळं विसरून धावत गेले. "सरकार!" म्हणाले, मग जीभ चावून "भाऊ!" म्हणाले, आणि मग त्यांना मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मी बघत होते म्हणून सांगते, दोघांच्याही अंगाला सारखीच माती लागली होती.

तो काटकुळा म्हातारा दुसरा आला होता. त्यानं सरकारांना बिडी देऊ केली. सरकार बिडी ओढत नसत. त्यांनी घेतली, ठसकले, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी फाळाच्या कोनाबद्दल बोलत बसले. धपाटे त्यानंच निम्मे संपवले.

पुढची वर्षं भराभर गेली. सरकार पुन्हा दोनदा निमाडात गेले. तिसरा नंबर त्यांना कधी मिळाला नाही, आणि त्याची त्यांना खंत होती, खरीखुरी, शेतकऱ्याला असते तशी. मग मध्यभारतच संपलं. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि बाबांचं ऑफिस या वेळी परत न येण्यासाठी गेलं. आम्ही इंदूरचं घर सोडलं त्या दिवशी सरकार बसनं आले. सामान बांधून झालं होतं. ते एका ट्रंकेवर बसले, आईनं एकाच उरलेल्या पेल्यात त्यांना चहा दिला. भोपाळच्या पाण्याबद्दल, तिथल्या तलावांबद्दल बोलणं झालं. निघताना बाबा मुजऱ्याला वाकले. सरकारांनी त्यांचे खांदे धरून त्यांना उभं केलं आणि म्हणाले, "तिकडे घरामागं जागा असेल तर मेथी तरी लावा." मग ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. धोतराच्या काठाला काळी माती वाळलेली होती. वळून पाहतील असं मला वाटत होतं. पण तेवढ्यात समोरून टांगा आला आणि तो गेल्यावर गल्ली रिकामी होती.

त्यांना आम्ही पुन्हा भेटलो नाही. दोन उन्हाळ्यांनंतर बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ इंदूरहून आले, त्यांच्याकडून सरकार गेल्याचं कळलं. कळलं तेही महिन्यानंतर. बाबांनी ऐकून घेतलं, आत जाऊन अंघोळ केली, आणि सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात, जिथं आईनं खरोखरच मेथी लावली होती, तिथं वाफ्याच्या कडेला बसून राहिले. आईनं जेवायला हाक मारली नाही.

नंतर नोकरीनिमित्त मी इंदूरला परत आले आणि इथलीच झाले. सरकारांच्या मुलानं बेटम्याची जमीन विकली हे माहीत होतं. तिकडे जायचं मात्र मी टाळत आले. धार रस्त्यानं जावं लागलं तर बसमध्ये दुसऱ्या बाजूला बसायची. गेल्या माघात शाळेतल्या एका मैत्रिणीच्या नातीचं लग्न निघालं, दिवसाचं, बेटम्याच्या अलीकडे एका मॅरेज गार्डनमध्ये. गाडीतून उतरले आणि समोर चिंच दिसली. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून तिच्यावर कुंड्या मांडल्या होत्या. जिथं बाबा गव्हात उभे राहिले होते तिथं हिरवं नकली गवत अंथरलं होतं आणि त्यावर खुर्च्या.

मी तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं, "भैया, यहां पहले क्या था?"

तो फोनवर बोलत होता. हात फोनवर ठेवून म्हणाला, "कुछ नहीं आंटीजी, खेत था."

मी एका खुर्चीवर बसले. आत बँड सुरू झाला होता, मुलाकडचे आले होते. मैत्रीण मला शोधत बाहेर आली आणि म्हणाली, "अगं, इथं उन्हात काय बसलीस? चल, अक्षता द्यायच्यात." मी तिला म्हटलं, "आले. दोन मिनिटं बसू दे."